आठ गुंठे लॉन, की चौदा झाडं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी सोलापुरात राहतो. 1988 ते 2020 अशी बत्तीस वर्षं मी एका सरकारी कचेरीच्या आवारात माळी होतो. शिक्षण सातवीपर्यंत. पत्र मी सांगितलं आणि नातीनं लिहून घेतलं. शुद्धलेखन तिचं, बाकी शब्दन् शब्द माझा.

आमच्या वसाहतीत बारा गुंठ्यांची एक मोकळी जागा आहे. इतकी वर्षं तिथं पावसाळ्यात गाजरगवत माजायचं आणि उरलेले आठ महिने धूळ उडायची. यंदा तिथं बाग करायची ठरलं, वर्गणीही जमली, याचा मला फार आनंद झाला. गेल्या रविवारच्या बैठकीत ठेकेदारानं नकाशा मांडला. मधोमध आठ गुंठे लॉन, कडेनं पेव्हर ब्लॉकची वाट, एक कारंजं, चार कोपऱ्यांत शोभेचे चार पाम. मी नकाशा दोनदा बघितला. सावली देणारं एकही झाड त्यात नव्हतं. मी उठून विचारलं, "साहेब, दुपारी बसायचं कुठं?"

अध्यक्ष म्हणाले, "मामा, दुपारी बागेत कोण येतं?"

लोक हसले, पुढचा विषय निघाला. अध्यक्ष माणूस चांगला आहे, त्यांनी मला हिणवायला काही विचारलं नव्हतं. पण त्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे बत्तीस वर्षांचं साठलेलं आहे, आणि बैठकीत ते मला नीट देता आलं नाही, म्हणून हे पत्र.

आमच्या कचेरीपुढं मोठं लॉन होतं आणि फाटकाच्या उजव्या हाताला एक करंज. करंज मी 1996 च्या पावसाळ्यात लावला, गुडघ्याएवढा होता. लॉन त्याच्याही आधीपासून. माझ्या दिवसाचे तीन भाग लॉनला जायचे आणि चौथ्यात बाकीची सगळी बाग. करंजाला पहिले तीन उन्हाळे पाणी घातलं, पुढं त्याच्याकडे बघायचंही कारण पडलं नाही.

आता दुपारी कोण यायचं ते सांगतो. मंगळवेढा, अक्कलकोट, मोहोळकडून पहिल्या एसटीनं अर्ज घेऊन आलेली माणसं. साहेब जेवायला गेले की ती त्या करंजाखाली बसायची, फडक्यात बांधून आणलेली भाकरी सोडायची. लेकरू मांडीवर घेतलेल्या बाया असायच्या. रिक्षावाले असायचे. एक म्हातारे गृहस्थ पेन्शनच्या कामाला वर्षभर येत होते. ते मला म्हणायचे, "तुझ्या झाडाखालीच माझं अर्धं काम होतं, पोरा." आणि ज्या बाया दिवसभर उकिडवं बसून लॉनमधला लव्हाळा खुरप्यानं काढायच्या, त्याही बारा वाजता उठून करंजाखालीच यायच्या. त्यांनी राखलेल्या लॉनवर त्यांना कधी बसलेलं मी पाहिलं नाही. एक तर ऊन, आणि दुसरं म्हणजे तिथं पाटी होती, 'हिरवळीवर चालू नये'. ती पाटी दर दोन वर्षांनी मीच रंगवायचो.

आमच्या वसाहतीतही दुपारची माणसं आहेत. एका घरची धुणीभांडी आटपून दुसऱ्या घरची वेळ होईपर्यंत जिन्याच्या पायरीवर टेकणाऱ्या बाया आहेत. दारावरचा राखणदार आहे. पार्सल पोचवणारी पोरं आहेत, ती भर उन्हात गाडीवर बसूनच मोबाइल बघतात. दीड वाजता शाळेच्या रिक्षातून उतरणारी लेकरं आहेत. वीज गेली की घरात जीव घाबरा होणारी माझ्या वयाची माणसं आहेत. ती बागेत येत नाहीत, कारण तिथं यावं असं काही नाही. आणि आता जे होणार आहे तिथंही ती येणार नाहीत.

मे महिन्यात सोलापूरचं ऊन बेचाळीस-त्रेचाळीसपर्यंत जातं. अशा दुपारी ओल्या लॉनच्या मधोमध उभं राहून बघावं. तळपाय गार लागतात, हे खरं आहे. डोकं मात्र तापतच राहतं. गवत जमीन गार ठेवतं, पेव्हर ब्लॉकपेक्षा कितीतरी चांगलं ठेवतं, पण माणसावर पडणारं ऊन अडवायला त्याला उंचीच नाही. झाड ते ऊन आपल्या अंगावर घेतं आणि वर पानांतून वाफ सोडून खालची हवाही निववतं.

लॉन म्हणजे काय असतं, हे ज्यांनी फक्त सकाळी फिरताना पाहिलंय त्यांना माहीत नसणं मी समजू शकतो. आमच्याकडे आधी हरळीचं लॉन होतं. हरळी म्हणजे गणपतीला वाहतो तीच दूर्वा. माझे वडील मोहोळ तालुक्यात कोरडवाहू शेती करायचे. उन्हाळ्यात नांगरट झाली की आम्ही भावंडं ढेकळांतून हरळीच्या काशा, म्हणजे जमिनीखालचे दांडे, वेचून बांधावर वाळत टाकायचो. एक काशी राहिली तरी पावसात पुन्हा फुटते, म्हणून ते दिवस दिवस वेचायला लावायचे. नोकरीच्या पहिल्या पावसाळ्यात मला तीच हरळी बोटभर अंतरावर ओळीनं टोचायला सांगितलं, तेव्हा हात चालेना. पुढं तिचे गुण कळले. चिवट आहे, तुडवलेलं सोसते, करपली तरी पाऊस पडला की काशांतून वर येते. पण तिला दिवसभर ऊन लागतं. झाडाची सावली पडली की ती विरळ होत जाते आणि शेवटी नाहीशी होते. म्हणून लॉन टाकणारा ठेकेदार झाड नकोच म्हणतो. त्याच्या बाजूनं ते बरोबर आहे.

पुढं साहेब बदलले आणि नर्सरीवाले ज्याला मेक्सिकन म्हणतात ते आणलं. खाली लाल मातीचा थर, वर गालिच्याच्या तुकड्यांसारखं गवत. दिसायला देखणं, त्यात वाद नाही. पावसाळ्यात आठ-दहा दिवसांनी कापणी, एरवी पंधरा दिवसांनी, वर युरिया. लव्हाळा तर बारमाही, वरून ओढला की पान हातात येतं आणि गाठ खालीच राहते. एका वर्षी हुमणी लागली. अळीनं खालून मुळं खाल्ली आणि गवत हातानं ओढलं तर सबंध पट्टा उचलून आला. त्यानंतर 2012-13 चा दुष्काळ. उजनी धरणाचा साठा उण्यात गेला, बागांचं पाणी बंद, आणि ते व्हायलाच हवं होतं, माणसांना प्यायला नव्हतं. तीन आठवड्यांत लॉन पिवळं पडलं, मे संपेपर्यंत लाल माती उघडी. त्याच चैत्रात करंजाला मात्र एक बादलीही न घालता नवी पालवी आली, इतकी तुकतुकीत की उन्हात पानं ओली वाटावीत. त्याची मुळं मुरमातून कुठवर गेली होती ते त्यालाच माहीत. पाऊस झाल्यावर लॉन पुन्हा टाकलं. माझ्या नोकरीत त्याच जागेवर तीन वेळा लॉन नव्यानं टाकलं गेलं. करंज एकदाच लावला.

आता पाण्याचा हिशोब. तो मी बैठकीत सांगायला गेलो तर वेळ संपला होता. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. आपल्याकडच्या उन्हाळ्यात लॉन हिरवं राखायचं तर रोजचं पाच मिलिमीटर तरी हवं. आठ गुंठे म्हणजे साधारण आठशे चौरस मीटर. म्हणजे रोज 4,000 लिटर. मार्च, एप्रिल, मे या नव्वद दिवसांत 3,60,000 लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे छत्तीस टँकर. शहरात माणशी दिवसाला 135 लिटर पाणी धरतात, त्या मापानं हे रोजचं तीस माणसांचं पाणी झालं. आमच्या वसाहतीत नळ रोज येत नाही, बोअर फेब्रुवारीपासून घुरघुरायला लागते. हे पाणी कुठून आणणार, ते नकाशावर लिहिलेलं नाही.

त्याच आठ गुंठ्यांत पंचवीस फुटांवर एक अशी चौदा झाडं बसतात. लहान झाडाला उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा वीस लिटर पुरतं. चौदा झाडांना आठवड्याला 560 लिटर. तीन महिन्यांचं मिळून एक टँकरही भरत नाही. आणि हे फक्त पहिले तीन उन्हाळे.

बैठकीनंतर समितीतला एक तरुण इंजिनिअर माझ्याबरोबर घरापर्यंत चालत आला. हुशार मुलगा आहे. तो म्हणाला, "काका, झाडाचा त्रासही असतो ना. पालापाचोळा पडतो, मुळं भिंत फोडतात, वळवाच्या पावसात फांदी गाडीवर पडते, आणि उद्या काढायचं म्हटलं तर परवानगी लागते." त्याचं एकही म्हणणं खोटं नाही. 1975 च्या झाडांच्या कायद्यामुळं शहरात परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही, आणि तो कायदा आहे म्हणून अजून काही झाडं उभी आहेत. पण त्यानं सांगितलेले बहुतेक त्रास चुकीचं झाड चुकीच्या जागी लावल्याचे आहेत. गुलमोहर दिसतो सुंदर, पण लाकूड ठिसूळ, मुळं वरवर, वाऱ्यात आडवा होतो, आणि ऐन उन्हाळ्याच्या तोंडी त्याची पानं झडलेली असतात. रेन ट्री बारा गुंठ्यांत मावायचा नाही. वड, पिंपळ, उंबर यांना भिंतीजवळ कधीच लावू नये, त्यांना गावाबाहेरचा पार शोभतो. मी सुचवतो ती झाडं अशी: सहा करंज, पाच कडुनिंब, दोन बकुळ आणि लांबच्या कोपऱ्यात एक जांभूळ. जांभळाच्या डागांची तक्रार येईल, ती येऊ द्या, लेकरांची जीभ एक महिना तरी जांभळी झाली पाहिजे. भिंतीपासून पंधरा फूट सोडावे. गाड्या लावायच्या जागेवर झाडाचा घेर येऊ देऊ नये. पाचोळा कोपऱ्यातल्या खड्ड्यात टाकला तर त्याचं खत होतं, आणि पहिली दोन वर्षं तर तोच आळ्यात पसरायला हवा, म्हणजे ओल टिकते. लॉनच्या कापलेल्या गवताची पोती मी बत्तीस वर्षं उचलली आहेत, तोही कचराच होता.

त्यानं आणखी एक विचारलं, आणि तो प्रश्न खरा अवघड आहे. "लॉन महिन्यात हिरवं होतं. तुमच्या झाडाखाली बसायला किती वर्षं?" करंजाखाली माणूस टेकायला पाच-सहा वर्षं जातात, कडुनिंबालाही तेवढीच, बकुळीला त्याहून बरीच जास्त. आमच्यातले काही जण तोवर नसतील. माझ्याकडे यावर उपाय आहे तो हादग्याचा. दोन झाडांच्या मधे एकेक हादगा आणि शेवगा लावायचा. ही झाडं वर्षा-दोन वर्षांत डोक्यावर जातात, विरळ का होईना सावली देतात. हादग्याच्या फुलांची भाजी होते, शेवग्याच्या शेंगा घरोघरी वाटता येतात. लाकूड कच्चं असतं, फार वर्षं टिकत नाही, पण करंज मोठे होईपर्यंतचा काळ ती निभावून नेतात. नंतर रीतसर परवानगी घेऊन काढावीत.

मी गवताचा वैरी नाही. लेकरांना पडायला मऊ जागा हवी, म्हणून मधे दीड-दोन गुंठे हरळी जरूर ठेवावी, पण साधी हरळी, आणि 'चालू नये' ही पाटी न लावता. उन्हाळ्यात ती पिवळी पडली तर पडू द्यावी, जूनमध्ये ती आपोआप उठेल. तिला हिरवं ठेवायला टँकर आणू नये.

आणि आपल्या भागाचं खरं गवत बघायचं असेल तर दिवाळीनंतर नान्नजला माळढोक अभयारण्याच्या बाजूला जावं. पवन्या, मारवेल, कुसळी वाऱ्यावर सोन्यासारखी हलत असतात. कोणी त्यांना पाणी घालत नाही, कोणी कापत नाही, पावसावर येतात आणि पावसावर जातात. काळवीट, लांडगे यांचं घर ते. एकेकाळी माळढोक पक्ष्याचंही होतं, आता तो तिथं जवळजवळ दिसत नाही. तिथं झाडं लावायला जाणाऱ्या मंडळींना मी हात जोडून सांगेन की ते माळरान तसंच राहू द्या. लॉन ही मात्र इंग्रजांच्या मुलखातली रीत. तिथं बाराही महिने भुरभुर पाऊस असतो, आणि बागेत माणूस जातो तो ऊन खायला. मी ढकलायचो तसं गवत कापायचं यंत्रही तिथल्याच एडविन बडिंग या माणसानं 1830 साली काढलं. त्यांच्या हवेत ते ठीक आहे. आमच्याकडे माणूस बाहेर पडतो तो ऊन चुकवत, दुकानांच्या सावलीच्या बाजूनं.

आता कामाचं. समितीनं झाडांचा विचार केलाच तर खड्डे आत्ता, उन्हाळ्यातच घ्यावेत. आमच्या जागेत फूटभर काळी माती आणि खाली मुरूम आहे. वरवर उकरून रोप खोचलं तर ते दोन वर्षं जगतं आणि तिसऱ्या वर्षी खुरटतं. तीन फूट लांब, तीन फूट रुंद, तीन फूट खोल खड्डा हवा, मुरूम पहारीनं फोडून. खड्डा महिनाभर उन्हात तापू द्यावा, किडे-अंडी मरतात. मग पोयटा, शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड घालून भरावा. पहिला दमदार पाऊस झाला की लावावं. सोलापूरचा भरवशाचा पाऊस सप्टेंबरचा असतो, जून-जुलैत मोठी उघडीप पडते, त्या वेळी रोपाला विसरू नये. शेजारी एक मडकं गळ्यापर्यंत पुरून, त्याच्या बुडाला भोक पाडून चिंधीची वात घालावी. मडकं भरलं की चार दिवस बघायला नको, आणि हे काम लेकरंसुद्धा करतील. बुंध्याभोवती सिमेंटचा ओटा किंवा पेव्हर ब्लॉक अजिबात नकोत. दिल्लीत झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानं 2013 मध्ये सांगितलं होतं. आपण ते आधी घालून मग काढायचं कशाला?

दोन पावसाळ्यांपूर्वी मी कचेरीत सहज गेलो होतो. करंजाखाली शेंगा पडल्या होत्या, मूठभर खिशात टाकून आणल्या. घरामागं पिशव्यांत लावल्या, सहा रोपं आता माझ्या छातीला लागतात. पाच कडुनिंब आमच्या अंगणातच पडलेल्या निंबोळ्यांचे आहेत. मंडळी रोज भांडी विसळलेलं पाणी त्यांना घालते. ही अकरा रोपं मी वसाहतीला द्यायला तयार आहे. बकुळ आणि जांभूळ तेवढे विकत आणावे लागतील. पहिले तीन उन्हाळे पाण्याचं मी बघेन, माझे गुडघे दुखतात पण बादली उचलता येते.

पुढची बैठक येत्या रविवारी सकाळी दहाला आहे. माझी विनंती एवढीच की ती या वेळी दुपारी दोनला ठेवावी, आणि सभागृहात न ठेवता त्या मोकळ्या जागेवर ठेवावी. चौदा खड्ड्यांच्या जागा मी काल संध्याकाळी फक्कीनं आखून ठेवल्या आहेत. कुणाला वाटलं की एखादी भिंतीला फार जवळ आली, तर तिथंच उभं राहून मला सांगावं, मी ती हलवून देईन.

कळावे,
आपला,
एक निवृत्त माळी, सोलापूर